माळावरची शिरगणती

शिकारी पक्ष्यांचे शरदातले स्थलांतर मोजण्यासाठी जगात ज्या जागा नावाजल्या आहेत, त्यांतली एकही तेलंगणातल्या निर्मलसारखी नाही. जॉर्जिया देशात बातुमीला एका अंगाला काळा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कॉकेशसचे डोंगर. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून दर शरदात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी पार होतात. मेक्सिकोत वेराक्रूझच्या किनारपट्टीवर हाच आकडा चाळीस लाखांच्या वर जातो. नेपाळात अन्नपूर्णेच्या पायथ्याला थुलाखर्क नावाच्या डोंगरावर बसणाऱ्यांना स्टेप गरुड हिमालयाची कड धरून पश्चिमेकडे सरकताना दिसतात, एकेका हंगामात हजारोंनी. निर्मलजवळ समुद्र नाही, हिमशिखरे नाहीत. सातमाळा-अजिंठ्याची रांग पूर्वेकडे येता येता इथल्या बुटक्या डोंगरांत विरते. दक्षिणेला गोदावरी आणि पश्चिमेला मुधोळ-भैंशाची काळी, सपाट राने. इथल्या माणसाने शिकारी पक्षी मोजायचे ते कुठे बसून, आणि कशासाठी? या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायचे मी कबूल केले ते या प्रश्नासाठीच.

आधी बातुमी-वेराक्रूझला पक्षी असे एकवटतात का, ते पाहू. ऊन चढले की जमीन तापते आणि तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उठते. गरुड, गिधाडे, मोठे बाज असे रुंद पंखांचे पक्षी त्या उठत्या हवेत घिरट्या घालत उंच चढतात आणि पुरेशी उंची मिळाली की पंख ताठ ठेवून पुढच्या उठत्या झोताकडे घसरत जातात. पंख मारण्याचे कष्ट जवळजवळ नाहीत, म्हणूनच एवढी जड पाखरे हजारो किलोमीटरचा पल्ला गाठतात. समुद्रावर असे झोत नीट उठत नाहीत. त्यामुळे हे पक्षी पाणी टाळतात, किनाऱ्याने किंवा डोंगरकडेने जातात आणि जिथे जमीन निमुळती होते तिथे सगळे एका नजरेच्या टप्प्यात येतात. मोजणाऱ्याला तेवढेच हवे असते.

दख्खनच्या पठारावर अशी निमुळती जागा नाही. उत्तरेकडून उतरलेले पक्षी इथे शेकडो किलोमीटरच्या रुंदीत विरळ पसरून येतात. जुन्या नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या महबूब घाटाच्या माथ्यावर दिवसभर दुर्बीण लावून बसले तर आपली नेहमीची घार दिसेल, शिक्रा दिसेल, एखादा सापमार गरुड, एखादी मोहोळघार. लोंढा दिसणार नाही. ‘आपल्याकडे काही जात नाही’ असे म्हणून दुर्बीण गुंडाळणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण त्यांचा निष्कर्ष चूक आहे. पठारावर येणारा शिकारी पक्षी वरून जाताना सापडत नाही, तो संध्याकाळी उतरताना सापडतो. आणि उतरायला त्याला गवत लागते. ही पुस्तिका जी मोजणी शिकवते ती त्या उतरण्याची आहे.

हा मुलूख मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. निर्मल २०१६ साली आदिलाबादमधून फुटून स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या साठ वर्षे आधी, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत, मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे नांदेड जिल्ह्यात होती, तर किनवट आणि राजुरा आदिलाबादेत. मग रेघ ओढली गेली आणि इकडचे तिकडे झाले. आजही मुधोळकडच्या कितीतरी घरांत मराठी बोलतात, बाजारात तेलुगू चालते आणि सोयरीक धर्माबाद, भोकर, किनवटला होते. पक्ष्यांच्या नोंदींवर मात्र या रेघेचा परिणाम झाला आहे. नांदेडकडचे पक्षिनिरीक्षक आपल्याच जिल्ह्यातल्या तळ्यांकडे आणि धरणांकडे वळतात, हैदराबादहून येणारे कव्वालच्या व्याघ्रप्रकल्पाकडे जातात. मधले काळे रान दोघांच्याही वाटेत येत नाही. तिथे ना वाघ आहे ना पाणथळ. तूर आहे, कापूस आहे, सोयाबीनची काढलेली शेते आहेत आणि कुठेकुठे गुडघाभर गवताचे गायरान शिल्लक आहे.

जुन्या नोंदी अगदीच नाहीत असे नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे पक्षी-सर्वेक्षण सलीम अलींनी १९३१ मध्ये हाती घेतले. ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने छापले गेले आणि आजही दख्खनच्या पक्ष्यांबद्दल लिहिणाऱ्याला त्याच्यापासून सुरुवात करावी लागते. पण त्या काळी नोंद म्हणजे बंदुकीने मिळवलेला नमुना. कोणता पक्षी कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळाला, हे त्यातून कळते. किती होते, हे कळत नाही. किती होते हे न कळल्याने आज किती उरले याचे उत्तर देता येत नाही, आणि ‘पूर्वी पुष्कळ असायचे’ या वाक्याच्या पुढे आपली चर्चा सरकत नाही.

संख्या हाती असली की काय होते, याचे मला माहीत असलेले सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे आहे. तिथल्या हॉक माउंटन नावाच्या डोंगरधारेवरून शरदात शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात. शंभर वर्षांपूर्वी त्या दिवसांत तिथे लोक बंदुका घेऊन जमत आणि करमणूक म्हणून त्यांना पाडत. कोंबड्या नेणारे, ससे मारणारे उपद्रवी प्राणी, अशी त्यांच्याबद्दल सरसकट समजूत होती. राज्याने १९२९ मध्ये गॉसहॉक या बाजाच्या शिकारीवर पाच डॉलरचे इनामच लावले होते. १९३२ मध्ये रिचर्ड पाउ नावाच्या तरुणाने मेलेले पक्षी जमिनीवर ओळीने मांडून त्यांची छायाचित्रे काढली. ती पाहून न्यू यॉर्कच्या रोझली एज अस्वस्थ झाल्या. त्यांनी १९३४ मध्ये तो सुमारे चौदाशे एकरांचा डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्राउन व त्यांच्या पत्नी इर्मा यांना राखणीला बसवले. इर्माबाई फाटकाशी उभ्या राहून बंदूकवाल्यांना परत पाठवत आणि मॉरिस माथ्यावर बसून पक्षी मोजत. हॉक माउंटनची मोजणी अशी सुरू झाली. महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर ती आजवर चालू आहे.

ब्राउन नुसती डोकी मोजत नव्हते. टकल्या गरुडाच्या बाबतीत पूर्ण वाढलेला पक्षी कोणता आणि पहिल्या वर्षाचा कोणता, हेही ते वेगळे लिहीत. या गरुडाचे डोके पांढरे व्हायला काही वर्षे जावी लागतात, त्यामुळे ते लांबूनही ओळखता येते. १९३५ ते १९३९ या वर्षांत त्यांना दिसलेल्या गरुडांपैकी चाळीस टक्के तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर आले. १९५७ साली तर बत्तीस मोठ्यांमागे एकच तरुण पक्षी दिसला. म्हणजे गरुड दिसत होते, पण त्यांची पिल्ले जगत नव्हती किंवा होतच नव्हती. रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये आलेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या कीटकनाशकांवरच्या पुस्तकात हे आकडे वापरले. डीडीटीमुळे अंड्यांचे कवच पातळ होते, हे पुढे प्रयोगशाळांनी सिद्ध केले आणि १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतला त्याचा वापर थांबवला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ब्राउन मोजायला बसले तेव्हा डीडीटी शेतात आलेलेही नव्हते. आपली वही कशाचा पुरावा ठरणार आहे, हे त्यांना माहीत असणे शक्यच नव्हते. ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने मोजत राहिले, एवढेच.

आपल्याकडेही एक जागा अशीच वाचली, आणि तीही फार पूर्वी नव्हे. २०१२ च्या ऑक्टोबरात नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाच्या काठी मासेमारीची जाळी उंच टांगून अमूर ससाणे पकडले जात होते. त्या हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज बाहेर आला आणि देशभर हळहळ झाली. पुढे जे झाले त्याचे श्रेय मुख्यतः गावकऱ्यांचे. पांगती आणि आसपासच्या गावांनी, चर्चने, वन खात्याने आणि संस्थांनी मिळून पुढच्याच वर्षी ही शिकार थांबवली. नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले गेले, नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. त्यांच्या आणि त्यानंतर टॅग लावलेल्या ससाण्यांच्या प्रवासाच्या नकाशावर एक रेघ निर्मलकरांनी नीट पाहावी. ईशान्येतून निघालेला हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी बंगालचा उपसागर गाठतो, तिथून दख्खनचे पठार आडवे कापत आंध्र, तेलंगण, महाराष्ट्र या पट्ट्यातून अरबी समुद्रावर जातो आणि न थांबता सोमालियाला पोचतो. तिथून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. त्याच दिवसांत लाखो चतुरही भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडतात असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडले. समुद्रावर ससाण्यांचे खाणे हेच चतुर असावेत, असे त्यांना वाटते.

म्हणजे कार्तिकात निर्मल-नांदेडच्या डोक्यावरून ससाणे जातात, पण ते खूप उंचावरून जातात, रात्रीही जातात आणि खाली बसलेल्या माणसाला त्यांची चाहूलही लागत नाही. बंगालच्या उपसागरात वादळ उठले, आभाळ भरून पाऊस लागला, तरच काही थवे खाली येऊन तारांवर बसतात. महाराष्ट्रात लोणावळ्याच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात ते पाहायला पक्षिमित्र मुद्दाम जातात. तेव्हा वादळानंतरची सकाळ इथल्या निरीक्षकाने घरी काढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रस्त्याकडेच्या विजेच्या तारा, पाखरांनी भरलेल्या, एकदा पाहाव्यात. लाल पाय, लाल पापण्या, राखाडी नर आणि खालून पट्टेदार मादी. ओळखायला अवघड नाही.

पण या मुलखाची खरी मोजणी भोवत्यांची आहे, आणि पुस्तिकेची बहुतेक पाने त्यांच्यासाठीच आहेत.

भोवत्या हा कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ मैदानांत वीण करणारा, सडपातळ, लांब शेपटीचा शिकारी पक्षी. गवतावरून वाव-दीड वाव उंचीने, पंख उथळ द्रोणासारखे वर धरून तो असा तरंगत जातो की एकदा पाहिल्यावर दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही. आपल्याकडे प्रामुख्याने तीन येतात: पांढुरका भोवत्या, माँटेग्यूचा भोवत्या आणि तळ्याकाठच्या पाणकणसात राहणारा दलदली भोवत्या. त्यांतले पहिले दोन कोरड्या रानाचे. पहिले पक्षी सप्टेंबर सरता सरता येतात, दसरा-दिवाळीत वाढत जातात आणि मार्चपर्यंत राहतात. आदिलाबादेत गोंडांची दंडारी सुरू होते, मोरपिसांचा टोप घातलेले गुस्साडी गावोगाव नाचत फिरतात, त्या दिवसांत भोवत्ये रानात पसरलेले असतात. हे पक्षी उठत्या हवेचा फायदा घेतात, पण तिच्यावर अवलंबून नसतात. पंख मारत ते समुद्रही ओलांडतात. त्यामुळेच ते कुठल्याच खिंडीत एकवटत नाहीत आणि कुठल्याच डोंगरमाथ्यावरून पुरते मोजता येत नाहीत.

पण दिवसभर वेगवेगळ्या दिशांना फिरणारे भोवत्ये रात्रीला एकत्र येतात, आणि झाडावर नव्हे, जमिनीवर, उंच गवतात. या रातथाऱ्यावर वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिसळून उतरतात. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरला रॉजर क्लार्क, विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात अशी मोजणी केली आणि भोवत्यांच्या रातथाऱ्याचा जागतिक उच्चांक १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. कुर्नूलजवळच्या रोल्लापाडूलाही ऐंशीच्या दशकात फार मोठा रातथारा होता. तो आता पार रोडावला आहे. बंगळुरूच्या ‘अत्री’ संस्थेचे टी. गणेश आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे देशभरचे असे रातथारे शोधत आणि मोजत आहेत. वेळावदर आणि रोल्लापाडू दोन्ही संरक्षित क्षेत्रांत आहेत, म्हणून तिथले आकडे आहेत. गायरानातल्या दहा-वीस पक्ष्यांच्या रातथाऱ्याची नोंद कोण ठेवणार? तो मोडला तर कळणारही नाही.

तो शोधायचा कसा आणि मोजायचा कसा, हे सविस्तर पुस्तिकेत आहे. तरी मला त्यातले काही इथे सांगायचे आहे, कारण मोजणीचा सगळा कस तिथे लागतो. नोव्हेंबरात या बाजूला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्याच्या तासभर आधी गवताच्या कडेपासून बरेच लांब, पाठीशी बांध किंवा झुडूप घेऊन बसावे. मावळतीचे ऊन पाठीमागून यावे, तोंडावर नको. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग नांगरलेल्या शेतात ढेकळासारखे वाटणारे काहीतरी मान वळवते आणि लक्षात येते की तिथे एक भोवत्या बसला आहे, त्याच्या पलीकडे दुसरा आहे. रातथाऱ्यावर जाण्यापूर्वी ते असे उघड्या रानात थांबतात. इथे मोजू नये. ते उठतात, गवतावर चकरा मारतात, एखादा खाली झेप घेतो आणि पुन्हा वर येतो. गवतात शिरलेला पक्षी धरायचा, पुन्हा उठला तर वजा करायचा. दोघांनी गवत आडवे वाटून घ्यायचे आणि तिसऱ्याने फक्त लिहायचे. लिहिणाऱ्याने वर बघायचे नाही, हा नियम पाळायला सगळ्यात जड जातो. उजेड गेला की मोजणी बंद. अंधारात ‘असावेत अजून चार’ असे लिहायचे नाही.

ओळखीचा भाग अवघड आहे आणि तो अवघड आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पांढुरक्याचा वयात आलेला नर फिकट राखाडी, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यूच्या नराचे पंखाचे टोक जास्त काळे आणि पंखाच्या मागच्या भागावर आडवा काळा पट्टा. हे दोघे चांगल्या उजेडात चुकत नाहीत. पण माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्ले दोन्ही जातींत तपकिरी, कमरेवर पांढरा डाग, शेपटीवर पट्टे. संध्याकाळच्या उजेडात शंभर-दीडशे मीटरवरून ती वेगळी करणे मुरलेल्या निरीक्षकालाही जमेलच असे नाही. म्हणून नोंदीच्या तक्त्यात ‘पांढऱ्या कमरेचे, जात नक्की नाही’ असा रकाना आहे आणि तो भरलेला दिसला तर मला त्या वहीबद्दल जास्त विश्वास वाटेल. मात्र नर किती आणि तपकिरी किती, एवढे वेगळे लिहावेच. पोट रेघांशिवाय विटकरी दिसले तर ते त्या वर्षीचे पिल्लू, तेही टिपावे. ब्राउन यांच्या वहीतून जे कळले ते या एका सवयीमुळे कळले. आणि ज्या संध्याकाळी एकही पक्षी उतरला नाही त्या दिवसाचाही कागद तारीख-वेळ घालून ठेवावा. शून्य ही नोंद आहे. न बसलेल्या दिवसाचे आणि बसून काही न दिसलेल्या दिवसाचे कागद वहीत सारखे दिसू लागले की पुढे त्या वहीतून काहीही काढता येत नाही.

गवतात मात्र जायचे नाही, निदान पक्षी असताना नाही. सकाळी ते उजाडण्याच्या सुमारास निघून गेले, ऊन वर आले की मग कडेने फिरून पाहावे. दाबलेल्या गवतात पांढरी विष्ठा आणि अंगठ्याच्या पेराएवढे राखाडी पेलेट सापडतात. न पचलेले सगळे या पक्ष्यांच्या पोटात गोळा होते आणि तोंडावाटे बाहेर पडते. मुधोळकडच्या एका गायरानात उचललेले असे पेलेट मी बशीत पाण्यात भिजवून सुईने उलगडले होते. वरवर केस वाटत होते, पण आत जवळजवळ सगळे टोळ आणि नाकतोडे: काट्यांच्या करवती असलेल्या मागच्या तंगड्या, तपकिरी चकचकीत जबडे, पंखांचे तुकडे. एका बाजूला उंदराचा बारीक खालचा जबडा, त्यात पिवळसर दात अजून तसेच. जबडे जोडीजोडीने लावले की एका पक्ष्याने एका दिवसात किती नाकतोडे खाल्ले याचा अंदाज येतो. ज्यांच्या तुरीवर आणि कापसावर हे किडे चढतात त्या शेतकऱ्यांना मी ती बशी दाखवली, तेव्हा भोवत्यांबद्दल मला वेगळे काही सांगावे लागले नाही. शाळांतून हे करून दाखवावे, असे मला मनापासून वाटते. यासाठी दुर्बीणही लागत नाही.

याच बशीत काळजीही आहे. आदिलाबाद हा कापसाचा मोठा बाजार आहे आणि कापूस हे फवारणीचे पीक. किडे गेले की भोवत्याचे खाणे गेले, आणि विष पोटात घेतलेला नाकतोडा त्याने खाल्ला तर ते विष त्याच्यातही जाते. याचा इथे नेमका किती परिणाम होतो, ते सांगायला वर्षानुवर्षांचे आकडे हवेत, म्हणूनच मोजायला बसायचे. देशपातळीवर चित्र बरे नाही. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये आलेल्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालात ९४२ जातींपैकी १७८ जाती संवर्धनासाठी तातडीच्या मानल्या आहेत आणि सर्वाधिक घसरलेल्या गटांत शिकारी पक्षी आहेत. भारताने २०१६ मध्ये स्थलांतरित शिकारी पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर सही केली आहे. करारातल्या जबाबदाऱ्या दिल्लीत कागदावर असतात; भोवत्या उतरतो तो कुठल्यातरी ग्रामपंचायतीच्या गायरानात.

आणि गायरानाला कोणी वाली नाही. सरकारी नोंदींत गवताळ माळ पडीक जमिनीच्या रकान्यात जातो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही त्याची जागा तीच आहे. जे पडीक त्याचा काहीतरी उपयोग केला पाहिजे, हा विचार त्यापाठोपाठ येतोच. मग तिथे झाडे लावायची मोहीम निघते, सौर पॅनेल बसतात, घरकुले होतात किंवा हळूच नांगर फिरतो. झाडे लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मान्य करूनही मी म्हणेन की मारवेल, पवन्या, कुसळीने भरलेल्या माळावर रोपे लावणे म्हणजे एक नांदते घर मोडून दुसरे बांधणे. भोवत्याला झाड नको आहे. चिंकारा, माळढोक, लावे, चंडोल यांनाही नको. मेंढपाळांना तर हे कोणी सांगावे लागत नाही. गवताच्या तक्रारी घेऊन तेच कार्यालयांत खेटे घालत आले आहेत, आणि त्यांना उत्तर देताना ‘तिथे काय आहे?’ असे विचारले जाते. तिथे काय आहे, याचे आकड्यांतले उत्तर या मोजणीतून मिळू शकते: अमुक गट क्रमांकाच्या गायरानात, अमुक हंगामात, दर पंधरवड्याला इतके भोवत्ये उतरले.

म्हणूनच मोजणारे बाहेरून येऊ नयेत, असे मला वाटते. हैदराबाद-पुण्याहून आलेला निरीक्षक वर्षातून दोनदा येईल, सुंदर छायाचित्रे काढील. रातथारा आठवड्याला बघायचा तर माणूस तिथलाच हवा: संध्याकाळी मेंढरे घेऊन परतणारा, तुरीच्या रानाला राखण करणारा, गावच्या शाळेतला शिक्षक. त्यासाठी ही पुस्तिका मराठीत आणि सोप्या भाषेत असणे गरजेचे होते. पक्ष्यांची नावे मराठी वाचकाच्या तोंडी बसवण्यात मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’चा वाटा फार मोठा आहे. तेलुगू मातृभाषेच्या या सोलापूरकराने आयुष्य मराठीत लिहिण्यात घालवले, आणि २०२५ मध्ये ते गेले. सीमेवरच्या या पट्ट्याला त्यांच्या कामाची आठवण विशेष हवी. पुस्तिकेची तेलुगू आवृत्तीही लौकर निघावी. बासरच्या अलीकडे-पलीकडे एकाच तक्त्यावर नोंदी झाल्या तरच त्यांची बेरीज करता येईल.

वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना, ज्या आतल्या पानांत वेगळ्या आलेल्या नाहीत. श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्याच्या काठी ऑक्टोबरात पाणी भरलेले असते, तेव्हा तिथे कोरड्या गवतातले भोवत्ये शोधू नयेत. पाणकणसात दलदली भोवत्या आणि पाण्यावर मधूनच मासे धरणारा कैकर पाहावा. दुसरे, दुपारी घारींचा किंवा मोहोळघारींचा थवा चक्राकार वर चढताना दिसला तर तो फिरत असताना मोजायचा प्रयत्न करू नये, आकडा दर वेळी वेगळा येतो. चक्राच्या वरच्या टोकाहून पक्षी एकामागे एक सुटून सरळ रेषेत घसरू लागतात, तेव्हा मोजावेत आणि गेले ती दिशा लिहावी.

आणि ज्यांचे वय झाले आहे, ज्यांना संध्याकाळी माळावर जाऊन बसणे आता जमणार नाही, त्यांच्याकडूनही एक काम हवे आहे. मुधोळ, भैंसा, कुबीर, तानूर, धर्माबाद, भोकर, किनवट या बाजूच्या ज्यांना आपल्या गावच्या रानात तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे राखाडी-तपकिरी पक्षी दिवाळीच्या सुमारास गवतात उतरत असल्याचे आठवते, त्यांनी ते नातवंडांकडून लिहवून घ्यावे: गाव, रानाचे नाव, साधारण साल, गवत कुठले होते, किती उंच वाढे, ते कोण कापत असे आणि केव्हा, आणि आज त्या जागेवर काय उभे आहे. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी चार कोरी पाने ठेवली आहेत.